छोटा कॅमेरा, रात्रीची मिरवणूक आणि मागचं ब्लर

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यात हा प्रश्न हमखास निघतो: प्रवासात खिशात राहील, लक्ष्मी रोडवरच्या रात्रीच्या मिरवणुकीत चालेल आणि माणसामागची गर्दी ब्लर करेल असा कॅमेरा कोणता? ‘मोबाइल आहे की’ म्हणणाऱ्यांचं समाधान तिथेच होतं. बाकीच्यांनी थोडं मागे जाऊन बघावं.

एके काळी घरोघरी आगफाचा क्लिक थ्री असायचा. १२० नावाच्या फिल्मच्या रोलवर १२ फोटो, निगेटिव्ह साधारण ६ बाय ६ सेंटिमीटरची, म्हणजे आजच्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा तुकडा, फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा) कितीतरी मोठी. तरी दिवेलागण झाली की तो कपाटात. भिंगाचं तोंडच बारीक होतं. उजेड आत यायचा कुठून? ब्लरचं तर नावच नको; तोंड बारीक असलं की मागचंही स्पष्टच येतं.

डिजिटल आलं तेव्हा सेन्सरच आक्रसला, म्हणजे उजेड टिपायला जागाच कमी. साध्या कॉम्पॅक्टमध्ये जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा तुकडा, आणि कंपन्यांची चढाओढ मात्र मेगापिक्सेलची. २००८ मध्ये दोन वेगळे प्रयत्न झाले. पॅनासॉनिकच्या एलएक्स३ ने छोट्याच सेन्सरपुढे एफ २ चं भिंग बसवलं (एफचा आकडा लहान, तेवढा उजेड जास्त); सिग्माच्या डीपी१ ने सेन्सर मोठा घेतला, पण भिंग एफ ४ चं आणि झूम नाहीच. दोघांकडे निम्मं-निम्मं उत्तर होतं. २०११ मध्ये फुजीचा एक्स१०० बाजारात आला, मोठा सेन्सर आणि एफ २ दोन्ही घेऊन. झूम मात्र त्यालाही नाही.

झूमवाल्यांसाठी खरं वळण २०१२ चं, सोनीच्या आरएक्स१०० चं. १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर, आणि तरीही खिशात मावणारा. दुकानात ‘एफ १.८ आहे, साहेब’ एवढंच सांगतात. भिंगाभोवतीची बारीक अक्षरं वाचा: १.८-४.९ हे एफचे आकडे, १०.४-३७.१ ही मिलिमीटरमधली फोकल लेंथ; दोन्हींत दुसरा आकडा पूर्ण झूमचा. पूर्ण झूमला ३७.१ भागिले ४.९, म्हणजे तोंड साडेसात मिलिमीटरचं. २०१४ च्या कॅननच्या जी७ एक्सचा सेन्सर त्याच मापाचा, पण झूमच्या टोकाला एफ २.८, ३६.८ भागिले २.८, तोंड तेरा मिलिमीटर. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला, तर लांबच्या माळांचे दिवे किती मोठे गोल होऊन उमटणार ते याच आकड्यावर ठरतं. माझ्या मते जुना कॅमेरा घेतानाही मॉडेलच्या नावाआधी हा भागाकार करावा.

२०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने पोर्ट्रेट मोड आणला आणि ब्लर भिंगाऐवजी सॉफ्टवेअरच्या हिशोबाने तयार होऊ लागलं. बरं जमतं, पण गजऱ्याची कड आणि नथ अजून अधूनमधून खाल्ली जाते. नाइट मोड तर अनेक फ्रेम एकावर एक रचतो. शनिवारवाड्याच्या दगडाला ते चालतं, ढोलावर पडणाऱ्या टिपरूला नाही. कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनचंही तेच. २०२४ च्या फुजी एक्स१००व्हीआय मध्ये ते आलं, पण सावरतं फक्त आपला हात. ढोलवाल्याचा हात पकडायचा तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास हवं, आणि उजेड भरून काढायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की येणारे दाणे खपवून घ्यावेत.