वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चेनसॉला जास्त ऑइल पाजावं का?

‘जुना चेनसॉ (झाडं कापायची इंजिनवरची करवत) सुरू करताना पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट टू-स्ट्रोक ऑइल घाला, इंजिन जपलं जातं,’ हा सल्ला कायम फिरत असतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. कार्बोरेटरमधून (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) येणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शिवाय प्लग काजळतो, सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. म्हणून कंपनीने सांगितलेलंच प्रमाण ठेवा. ५०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली.

खरा घोटाळा बहुतेक वेळा टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो. ते उडून जातं आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर उरतो. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल (एक अल्कोहोल) हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात पेट्रोल फार लवकर खराब होतं.

घरीच तपासा. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता. तळाशी वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर ते वापरू नका. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये ताज्या मिश्रणाचे चार-पाच थेंब सोडा, प्लग बसवा, दोरी ओढा. मशीन दोन सेकंद फुरफुरून बंद पडलं, तर ठिणगी ठीक आहे. दोष इंधनाच्या वाटेत आहे. तिथे कडक झालेली नळी, तुंबलेला फिल्टर आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ, लवचिक पडदा) पाहा. डायफ्रॅम बोटाला मऊ लागायला हवा. कागदासारखा कडकडला तर बदला. हे सुटे भाग फारसे महाग नसतात.