सर्व संतांचा सण आणि मृत भाविकांचे स्मरण

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन तारखांना कॅथलिक ख्रिस्तसभेत दोन निरनिराळी स्मरणे होतात. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो, तर २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचे स्मरण केले जाते. हे दिवस लागोपाठ येतात, दोन्ही दिवशी या जगातून गेलेल्यांचीच आठवण होते आणि त्यामुळे पुष्कळांच्या मनात त्यांचा मिळून एकच ‘मृतांचा सण’ झालेला असतो. शेजारच्या हिंदू वा मुस्लिम घरांत तसा समज असणे स्वाभाविक आहे. पण कॅथलिक घरांतही कबरीवर एक तारखेला जायचे की दोन, असा प्रश्न निघतो. पोलंड आणि फिलिपिन्ससारख्या देशांत तर १ तारखेला सुटी असल्याने कब्रस्ताने त्याच दिवशी माणसांनी भरून जातात. तारखेचा हा घोळ मला किरकोळ वाटतो. त्याच्या आड असलेला दुसरा घोळ मात्र गंभीर आहे, कारण त्यात आपण कोणाकडे मागतो आणि कोणासाठी मागतो हा फरकच पुसला जातो.

हा फरक सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. उपासनेत वेदीपाशी श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या हुतात्म्यांची नावे घेतली जात आणि इतर मृतांचीही घेतली जात. ऐकणाऱ्याला दोन्ही याद्या सारख्याच वाटाव्यात अशी स्थिती होती. ऑगस्टीन यांनी आपल्या लोकांना प्रवचनात समजावले की इतर मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, परंतु हुतात्म्यासाठी प्रार्थना करणे हा त्याचा अवमान आहे. उलट त्याच्या प्रार्थनांवर आपण स्वतःला सोपवले पाहिजे. त्या काळी १ आणि २ नोव्हेंबर हे दिवस ठरलेले नव्हते, तरी त्यांच्यामधली रेघ या एका वाक्याने आखली गेली होती. संतांच्या सणाला आपण मागणारे असतो. मृतांच्या स्मरणदिनी आपण देणारे असतो आणि ज्यांचे स्मरण करतो त्यांना आपल्या प्रार्थनेची गरज आहे असे मानतो.

ऑगस्टीन यांच्या स्वतःच्या घरातही ही गोष्ट घडली. त्यांची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आजारी पडली, तेव्हा मायभूमीपासून इतक्या दूर तिला पुरावे लागणार याची मुलांना चिंता वाटू लागली. तिने सांगितले की देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. पुढे ऑगस्टीन यांनी तिच्या धर्मनिष्ठेबद्दल भरभरून लिहिले, पण आपली आई निष्पाप होती, तिला प्रार्थनेची गरज नाही, असे म्हटले नाही. तिच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून देवाकडे विनवणीच केली. आज त्याच मोनिकेला ख्रिस्तसभा संत म्हणून मान देते आणि २७ ऑगस्टला तिचा सण साजरा करते. जिच्यासाठी मुलाने प्रार्थना केली, तिच्याकडे आता जगभरच्या आया आपल्या मुलांसाठी प्रार्थना मागतात. दोन्ही स्मरणे एकाच व्यक्तीच्या बाबतीत, पण वेगवेगळ्या वेळी, कशी खरी ठरतात हे इथे दिसते.

दोन्ही दिवसांचा उगमही वेगळा आहे. संतांच्या सणाचे मूळ हुतात्म्यांच्या पूजनीय आठवणीत आहे. दुसऱ्या शतकात स्मिर्ना (आजच्या तुर्कस्तानातील इझमिर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळण्याची शिक्षा देऊन मारण्यात आले, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या अस्थी गोळा करून योग्य जागी ठेवल्या आणि त्यांच्या हौतात्म्याचा दिवस त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस म्हणून आनंदाने पाळायचे ठरवले. संताचा सण बहुधा त्याच्या मृत्यूच्या तारखेला येतो तो याच परंपरेने. पुढे हुतात्म्यांची संख्या इतकी वाढली की प्रत्येकाला स्वतंत्र दिवस देणे अशक्य झाले आणि सर्वांचा मिळून एक दिवस ठेवण्याची प्रथा पडली. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमच्या संत पेत्र महामंदिरात सर्व संतांच्या नावाने प्रार्थनास्थान अर्पण केले, आणि ८३५ साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात १ नोव्हेंबर ही तारीख फ्रँक राज्यात सर्वत्र लागू झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र हाच सण पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणानंतरच्या पहिल्या रविवारी पाळतात.

मृतांचा स्मरणदिन मठातून आला. फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या अधिकाराखालील सर्व मठांना आज्ञा केली की संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, जगाच्या आरंभापासून मरण पावलेल्या सर्व भाविकांसाठी प्रार्थना आणि दानधर्म करावा. मठात आपल्या दिवंगत बंधूंसाठी प्रार्थना पूर्वीपासून होतच असे. ओदिलो यांनी तिचे दार उघडून ज्यांचे नाव घेणारे कोणीच उरलेले नाही अशांनाही आत घेतले. सर्वपित्री अमावास्येशी या दिवसाची तुलना आपल्याकडे नेहमी होते, आणि ज्यांच्यासाठी वेगळा दिवस पाळला जात नाही त्यांनाही सामावून घेण्यापुरती ती योग्यच आहे. मात्र इथे मृतांना काही अर्पण केले जात नाही. जे अर्पण होते ते मृतांसाठी देवाला होते. पहिल्या महायुद्धात तरुणांच्या मृत्यूंना मोजमाप उरले नाही, तेव्हा १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा (वेदीवरची मुख्य कॅथलिक उपासना) अर्पण करण्याची मुभा दिली आणि ती आजही चालू आहे.

चर्चमध्ये बसलेल्या माणसाला हा फरक डोळ्यांनी दिसतो आणि कानांनी ऐकू येतो. १ तारखेला धर्मगुरूंची वस्त्रे पांढरी असतात, ‘परमेश्वराला स्वर्गात गौरव’ हे स्तोत्र गायले जाते आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील ‘धन्य ते’ अशा येशूच्या वचनांचे वाचन होते. २ तारखेला वस्त्रे सहसा जांभळी असतात आणि गौरवस्तोत्र गात नाहीत. या दिवसाच्या वाचनांत कॅथलिक बायबलच्या जुन्या करारातील मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथामधील एक प्रसंगही घेतला जातो: युद्धात पडलेल्या आपल्या सैनिकांच्या अंगावर यहूदा मक्काबीला मूर्तींची निषिद्ध ताईतवजा चिन्हे सापडली, आणि त्यांच्या पापाबद्दल अर्पण व्हावे म्हणून त्याने सुमारे २,००० द्राख्मे गोळा करून यरुशलेमला पाठवले. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्यासाठी ही प्रार्थना झाली ते आदर्श पुरुष नव्हते. ते शूर होते आणि दोषीही होते, म्हणजे आपल्या घरांतून गेलेल्या बहुतेक माणसांसारखेच होते.

अस्थींच्या बाबतीत दोन्ही स्मरणे अगदी जवळून पाहता येतात. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहे. साधारण दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली आणला जातो. अलीकडचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. तिथे रांगेत उभा असलेला भाविक झेवियर यांच्यासाठी काही मागत नाही, स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी मागतो. आता मुंबईतील एखाद्या कॅथलिक कब्रस्तानात जाऊन पाहावे. जागेच्या टंचाईमुळे तिथल्या अनेक कबरी कायमच्या नसतात. काही वर्षांनी कबर उघडून अस्थी काढतात आणि त्या भिंतीतल्या हातभर कोनाड्यात ठेवतात, ज्यावर लहानशा फरशीवर नाव आणि दोन तारखा कोरलेल्या असतात. नोव्हेंबरमध्ये घरचे लोक येतात, ती फरशी ओल्या फडक्याने पुसतात, झेंडूची माळ अडकवतात, वाऱ्याला हाताचा आडोसा करून मेणबत्ती लावतात आणि ‘हे प्रभो, ह्यांना चिरशांती दे’ अशी विनवणी करतात. चांदीच्या पेटीसमोरची आणि या फरशीसमोरची भक्ती सारखीच खरी असते, पण प्रार्थनेची दिशा नेमकी उलटी असते.

मग आपले आजी-आजोबा संतांच्या सणात बसतच नाहीत का? बसू शकतात, आणि हा मुद्दा सांगायचा राहून जातो. ज्यांना ख्रिस्तसभेने रीतसर संत घोषित केले त्यांच्यापुरता १ नोव्हेंबर नाही. स्वर्गात पोहोचलेल्या प्रत्येकाचा तो दिवस आहे, त्याचे नाव कोणत्याही यादीत नसले तरी. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या, प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात कोणाला मोजता येणार नाही असा मोठा समुदाय आहे. मात्र त्यात अमुक व्यक्ती आहे असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार आपण स्वतःकडे घेऊ शकत नाही, आणि ख्रिस्तसभाही ते सांगायला घाई करत नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून १६२७ साली आणि संत म्हणून १८६२ साली घोषित करण्यात आले. गोव्यातील बाणावलीचे जोसेफ वाझ १७११ साली श्रीलंकेत कँडी येथे वारले आणि पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले ते २०१५ साली.

म्हणूनच अंत्यविधीच्या वेळी सर्रास ऐकू येणारे ‘ते आता देवाजवळ पोहोचले, तेच आपल्यासाठी प्रार्थना करतील’ हे वाक्य मला खटकते. दुःखी कुटुंबाला धीर देण्याचा त्यामागचा हेतू चांगला असतो, हे मी जाणतो. पण मृत माणसाला पहिल्याच दिवशी संतांत बसवले की त्याच्यासाठी प्रार्थना करण्याचे कारणच उरत नाही, आणि मिस्सा ठेवणे हा केवळ रिवाज होऊन बसतो. कॅथलिक शिकवणीनुसार देवाच्या कृपेत मरण पावलेल्या, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या माणसाला शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ साली आपल्या शेवटच्या अधिवेशनात ही शिकवण आणि संतांना विनवणी करण्याची शिकवण वेगवेगळ्या ठरावांत मांडली.

परिषदेला हे सांगावे लागले त्यामागे प्रॉटेस्टंट आक्षेप होता, आणि त्याची सुरुवात याच दोन दिवसांच्या तोंडावर झाली. जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी पापांच्या शिक्षेची माफी विकण्याविरुद्धची आपली ९५ विधाने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, पुढे आणली. त्यांच्या विटेनबर्ग गावातील किल्ल्याचे चर्च सर्व संतांच्याच नावाचे होते आणि सणाला तिथे सॅक्सनीचे अधिपती फ्रेडरिक यांनी जमवलेले संतांचे अवशेष दर्शनासाठी मांडले जात. दुसरीकडे, शुद्धीकरणात असलेल्या नातलगांची शिक्षा पैसे भरून माफ होते असा प्रचार करणारे उपदेशक गावोगावी फिरत होते. तो व्यापार निंद्यच होता, आणि ट्रेंटनेही अशा द्रव्यलोभाला मनाई केली. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात ल्यूथरपंथीयांनी भूमिका घेतली की संतांची आठवण आपली श्रद्धा दृढ करण्यासाठी ठेवावी, पण त्यांच्याकडे मदत मागू नये. मृतांसाठीची प्रार्थनाही हळूहळू बहुतेक प्रॉटेस्टंट उपासनांतून गेली.

त्यामुळे मराठी प्रॉटेस्टंट मंडळींमध्ये हा घोळ वेगळ्या रूपात येतो. तिथे दिवंगताच्या स्मरणार्थ उपासना होते, कबरीवर फुलेही वाहिली जातात, पण प्रार्थना असते ती त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानणारी आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागणारी. इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला पंडिता रमाबाईंचे स्मरण आहे, मूळ भाषांतून मराठीत बायबल आणणारी भाषांतरकार म्हणून. त्यासाठी त्यांना संत घोषित करावे लागले नाही. कॅथलिक मुलगी प्रॉटेस्टंट घरात सून म्हणून गेली, किंवा उलट झाले, की सासऱ्यांच्या वर्षदिनी मिस्सा ठेवायची की आभारप्रार्थना, यावर बोलाचाली होऊ शकते. अशा वेळी आपण कोणासाठी काय मागतो आहोत हे आधी एकमेकांना नीट सांगितले तर वाद बराच निवळतो, मतभेद राहिला तरी.

कॅथलिकांसाठी व्यवहाराचा भाग सोपा आहे. १ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात कोणत्याही दिवशी कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली आणि पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचे सेवन व पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटी पाळल्या, तर त्या मृतांसाठी पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे पापांबद्दल उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळवता येते. करोनाच्या काळात, २०२० साली, गर्दी टाळण्यासाठी ही मुदत संपूर्ण नोव्हेंबरपर्यंत वाढवली होती. २ नोव्हेंबर रविवारी आला, जसा २०२५ साली आला, तरी स्मरणदिन पुढे ढकलत नाहीत. त्या रविवारची उपासना मृतांसाठीच होते. त्यामुळे कामावरून रजा मिळत नाही म्हणून १ तारखेलाच कबरीवर जाऊन आलेल्याने काही चुकवले असे नाही. फक्त घरच्यांची नावे २ तारखेच्या मिस्सासाठी चर्चमध्ये द्यायला त्याने विसरू नये.