एडिनबराची पहिली भेट: नियोजनामागचा इतिहास

एडिनबराला पहिल्यांदा जाणाऱ्यांचे बेत सहसा तीन ठिकाणी फसतात: नकाशावरची अंतरे, ऑगस्टमधली भाडी आणि मुक्कामावरचा नवा कर. तिन्हींची मुळे शहराने वेगवेगळ्या काळात घेतलेल्या निर्णयांत आहेत.

किल्ल्याचा खडक म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीची नळी. हिमनदीला तो कापता आला नाही, त्यामुळे त्याच्या पूर्वेला उतरत्या कण्यासारखी जमीन शिल्लक राहिली. वर किल्ला, खाली ११२८ साली स्थापन झालेला होलीरूडचा मठ आणि मधला रॉयल माईल, एवढेच कित्येक शतके शहर होते. तटबंदीमुळे पसरायला जागा नव्हती, म्हणून इमारती उंच होत गेल्या. १७६० च्या दशकात उत्तरेला नवे शहर वसवायचे ठरले, १७६७ मध्ये आराखडा मंजूर झाला आणि मधल्या दरीवर नॉर्थ ब्रिज बांधला गेला. १७८८ मध्ये दक्षिणेकडे साउथ ब्रिज आला. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंना इमारती चिकटल्यामुळे आज रस्त्यावरून त्यातली एकच दिसते.

नकाशाचा घोळ इथे सुरू होतो. साउथ ब्रिज किंवा जॉर्ज चौथ्याच्या नावाचा पूल आणि काउगेट हे रस्ते नकाशावर एकमेकांना छेदतात. प्रत्यक्षात एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. फोन ‘५० मीटर’ म्हणतो तेव्हा त्यातले काही मीटर उभेही असू शकतात. जॉर्ज चौथ्याच्या पुलावरून खाली जायचे तर कँडलमेकर रो किंवा व्हिक्टोरिया स्ट्रीटचा उतार धरावा लागतो. वेव्हर्ली हे रेल्वे स्टेशनही दरीच्या तळाशी आहे. जुन्या शहरात उतरणार असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडू नका, मार्केट स्ट्रीटचे दार धरा. तिथून वर जायला फ्लेशमार्केट क्लोज या बोळाच्या पायऱ्या सर्वांत जवळच्या, पण बॅग असेल तर कोबर्न स्ट्रीटचा वळणदार चढ बरा. तो रस्ता १८५० च्या दशकात स्टेशनला जुन्या शहराशी जोडण्यासाठीच काढला. चाकांच्या बॅगा फरसबंदीच्या दगडांवर हमखास अडतात.

उंच इमारतींचा वारसा घर भाड्याने घेतानाही समोर येतो. पत्त्यात ‘३एफ१’ असेल तर तिसऱ्या मजल्यावरचे पहिले घर. जुन्या चाळवजा इमारतींत लिफ्ट बहुधा नसते आणि जिना दगडी, गोलाकार असतो. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर जाहिरातीतल्या खिडकीबाहेरच्या दृश्यापेक्षा हा आकडा आधी पाहावा.

ऑगस्टचा प्रश्न १९४७ मधला. महायुद्धानंतर युरोपातले कलाकार एकत्र आणावेत म्हणून आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी आठ नाट्यसंस्था निमंत्रणाशिवाय आल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करू लागल्या. त्यातून फ्रिंज महोत्सव उभा राहिला. १९५० पासून किल्ल्यासमोरच्या पटांगणात लष्करी बँडचा ‘टॅटू’ नावाचा संचलन-सोहळाही होऊ लागला. आज ऑगस्टमधले साडेतीन आठवडे शहर वेगळेच असते आणि खोल्यांची भाडी दुप्पट होणे नेहमीचे. नाटकांसाठी येणाऱ्याने याच दिवसांत यावे, पण ज्याला किल्ला, संग्रहालये आणि आर्थर्स सीट या २५१ मीटर उंच टेकडीची चढण हवी आहे, त्याने ऑगस्ट निवडणे निव्वळ चूक आहे. मे आणि सप्टेंबर त्याच्यासाठी चांगले. टॅटूचे प्रेक्षक-मंडप प्रयोगांच्या बरेच आधी उभारले जातात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पटांगण मोकळे दिसत नाही. किल्ल्याची तिकिटे वेळेच्या ठराविक टप्प्यांची असतात आणि गर्दीच्या दिवसांत ती आधीच संपतात. किल्ल्यावरची दुपारी एकची तोफ ऐकायची तर रविवारी जाऊ नये. १८६१ पासून ती रोज सुटते, पण रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून.

याच पटांगणात ७८व्या हायलँडर्स पलटणीचा स्मारक-क्रूस आहे, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या सैनिकांचा. त्या पलटणीच्या चिन्हातला हत्ती मात्र त्याआधीचा, २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईचा मान. शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्धची ती लढाई आजच्या जालना जिल्ह्यातली. मार्गदर्शक सहसा एवढ्या तपशिलात जात नाहीत.

डिसेंबरचे आकर्षण त्या मानाने नवे. स्कॉटलंडमध्ये नाताळला सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये मिळाली, त्याआधी वर्षअखेरीचा हॉगमने हाच खरा सण. त्याचा मोठा रस्त्यावरचा जल्लोष १९९३ पासूनचा. वाऱ्यामुळे तो रद्द होऊ शकतो. ३१ डिसेंबर २०२४ ला उघड्यावरचे सगळे कार्यक्रम असेच बंद ठेवावे लागले. फक्त त्या एका रात्रीसाठी विमानाची तिकिटे काढणे जोखमीचे.

आता कर. यावरची चर्चा दशकभराहून जुनी आहे, आणि पर्यटकांना तिचा पत्ता सहसा बिल हातात आल्यावर लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये शहराच्या परिषदेने खोलीमागे रात्रीला २ पौंड, जास्तीत जास्त सात रात्री, अशा आकारणीच्या बाजूने कौल दिला. पण असा कर लावायचा अधिकार शहराकडे नव्हता. त्यासाठी स्कॉटलंडच्या संसदेत कायदा हवा होता, आणि तो होण्याआधी महासाथ आली. २०२४ मध्ये कायदा झाला तेव्हा त्यात ठराविक रकमेऐवजी भाड्याची टक्केवारी होती. कर लागू करण्याआधी १८ महिन्यांची सूचना द्यायची अटही होती. परिषदेने २४ जानेवारी २०२५ ला मंजुरी दिली, म्हणून सुरुवातीची तारीख पडली २४ जुलै २०२६. दर ५ टक्के. सात रात्रींची मर्यादा चर्चेत सलग पाच रात्रींवर आली.

हिशेब असा: रात्रीला १५० पौंडांची खोली सात रात्री घेतली तर भाडे १,०५० पौंड, पण कर पहिल्या पाच रात्रींच्या ७५० पौंडांवर, म्हणजे साडेसदतीस पौंड. ३० पौंडांच्या डॉर्मिटरीतल्या खाटेवर रात्रीला दीड पौंड. नाश्ता, पार्किंग यांवर तो लागत नाही, म्हणून पॅकेज घेताना मुक्कामाचा भाग वेगळा दाखवलेला आहे का ते विचारावे. एक फट अशी की २४ जुलै २०२६ पासूनचा मुक्काम १ ऑक्टोबर २०२५ च्या आधी बुक केलेला असेल तर कर नाही. कर पाहुण्याच्या पत्त्यावर अवलंबून नाही. एडिनबराचाच रहिवासी हॉटेलात राहिला तरी तो भरतो. जहाजातून दिवसभरासाठी उतरणारे हजारो प्रवासी मात्र सुटतात, कारण ते शहरात रात्र काढत नाहीत.

टक्केवारीवर आक्षेप दोन बाजूंनी आले. छोट्या गेस्ट हाउसवाल्यांचे म्हणणे, ठराविक रक्कम वसूल करणे सोपे होते; टक्केवारीत बुकिंग साइटचे कमिशन, सवलती, रद्द झालेली आरक्षणे यांचा हिशेब त्यांच्या माथी येतो. ऑगस्टभर राहून प्रयोग करणाऱ्या कलाकारांनीही विरोध केला, कारण भाडे चढते तसा त्यांचा करही चढतो. उलट बाजूचा मुद्दा सरळ आहे: २ पौंडांचा बोजा स्वस्त खोलीवर जड आणि महागड्या खोलीवर नगण्य पडला असता. टक्केवारी त्या मानाने न्याय्य. पैशाच्या वापरावरचा वाद अजून धुमसतो आहे. काही भाग परवडणाऱ्या घरांसाठी वळवायचे ठरल्यावर, पर्यटकांचा पैसा पर्यटकांवरच खर्च व्हावा, असे हॉटेलवाले म्हणू लागले. पण पर्यटनामुळेच राहती घरे कमी झाली, हेही खोटे नाही.

तो धागा भाड्याच्या फ्लॅट्सकडे नेतो. ५ सप्टेंबर २०२२ पासून सगळे शहर नियंत्रण क्षेत्र झाले, म्हणजे स्वतः राहत नसलेले पूर्ण घर पर्यटकांना द्यायचे तर बांधकाम-नियोजनाची परवानगी लागते. त्यावर परवान्याची वेगळी अट आली आणि जुन्या मालकांना १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करावा लागला. जिना सामायिक असलेल्या इमारतींत परवाना सहसा नाकारायचा, हे धोरण २०२३ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरवले. पण परवाना लागतोच. जाहिरातीत परवाना क्रमांक असला पाहिजे. नसेल तर बुकिंग करू नये, कारण कारवाई झाली तर ऐनवेळी घर रद्द होते. ऑगस्टमध्ये स्वस्तात राहायचे तर विद्यापीठाची वसतिगृहे पाहावीत. सुट्टीत त्यांतल्या खोल्या भाड्याने मिळतात.

विमानतळावरून येण्याची सोयही वादातून गेली आहे. जुन्या ट्राम १९५६ मध्ये बंद झाल्या. नव्या ट्रामसाठी ५४.५ कोटी पौंडांचा निधी ठरला होता. ३१ मे २०१४ ला ती धावली तेव्हा ७७.६ कोटी खर्च होऊन मार्ग मध्य शहरात यॉर्क प्लेसलाच संपत होता. काय चुकले याच्या चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याआधी जून २०२३ मध्ये मार्ग लीथ या बंदराच्या भागातून न्यूहेवनपर्यंत गेला होता. त्यामुळे लीथमध्ये राहणे आता व्यवहार्य आहे: विमानतळापासून एकच ट्राम, आणि खोल्या बहुधा मध्य शहरापेक्षा स्वस्त.

तिकीट चढण्याआधी फलाटावर घ्यावे. विमानतळाचा थांबा वेगळ्या, बऱ्याच महाग विभागात आहे. पुढच्याच इंग्लिस्टन थांब्यापासून शहराचा साधा दर लागतो. मोठ्या बॅगा घेऊन तेवढे चालणे मात्र परवडत नाही. शहरातल्या बसमध्ये रोख पैसे दिले तर सुटे परत मिळत नाहीत. ट्राम रात्रभर चालत नाही, विमानतळाची बस रात्रीही असते.