बंगला महाबळेश्वरला, तुम्ही पुण्यात: पाणी आणि गिझर मोबाईलवरून

डिसेंबर लागला की आमच्या साताऱ्याच्या दुकानात एक फोन हमखास येतो. "वेण्णा लेकला बर्फ पडलाय म्हणे. बंगला बंद आहे, पाइप फुटतील का हो?"

त्या थंडीने फुटत नाहीत. वेण्णा तलाव, लिंगमळा भागात पहाटे गोठतं ते दव. गवतावर, गाडीच्या टपावर पांढरा थर येतो आणि ऊन वर आलं की विरघळतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण पाइप फुटायला ते तासन्‌तास शून्याखाली राहावं लागतं. मुलं अमेरिका-कॅनडात असतील तर त्यांना ही काळजी खरीच आहे. तिकडे घर बंद करतानाही हीटिंग १३ अंशांच्या आसपास चालू ठेवतात आणि त्यावर मोबाईलवरून लक्ष ठेवतात.

आपल्याकडे बंद घराचा शत्रू म्हणजे गळती. फ्लशचा वायसर जातो, टाकी हळूहळू रिकामी होते. वर पाणी तापवणाऱ्या सोलरच्या काचेच्या नळ्या कोरड्या पडून उन्हात तापतात. अशा वेळी तुम्ही पुण्यातून भर दुपारी मोटर चालू केली, की गार पाणी शिरून नळ्या तडकतात. टाकी रिकामी झाली असेल तर मोटर पहाटेच चालू करा. जास्त दिवस जाणार असाल तर नळ्यांवर जाड कापड टाकून जा.

म्हणूनच नुसता मोबाईलवर चालणारा प्लग आम्ही गिझरला लावून देत नाही. टाकीत लेव्हल सेन्सर बसवतो. पाणी कमी असेल तर गिझर चालूच होत नाही, कारण कोरड्या गिझरची कॉइल जळते. टाकीच्या आउटलेटला मोटरवर चालणारा बॉल व्हॉल्व्ह येतो. तुम्ही नसताना तो बंद, म्हणजे गळायला पाणीच नाही. प्लग १६ अँपिअरचाच घ्या. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, १० चा प्लग रोज काठावर चालतो.

१५ लिटरचा असा गिझर थंडीतलं १५ अंशांचं पाणी २० मिनिटांत ५० वर नेतो. पुण्यातून निघतानाच चालू करायची गरज नाही. वाई सोडून पसरणी घाटाला लागलात की बटण दाबा.

वाय-फायपेक्षा सिमकार्डवर चालणारं यंत्र आम्ही सुचवतो. पावसाळ्यात लाईट गेली की राउटरही बंद पडतो. सिमच्या यंत्राला बॅटरी असते, लाईट गेल्याचा मेसेज तरी येतो. त्या सिमचा रिचार्ज मात्र विसरू नका. बसवून झालं की आम्ही तुमच्यासमोर मेन स्विच बंद करून तो मेसेज तुमच्या फोनवर आलेला दाखवतो, मगच बिल देतो.