निर्णयाआधी विचारलं होतं का?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, मॅरियन गावी हार्वुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तिथले १८ कामगार हातानं इस्त्री करायचे आणि तयार कपडे अर्ध्या-अर्ध्या डझनानं एका पुठ्ठ्यावर रचून ठेवायचे. एक दिवस पद्धत बदलली. पुठ्ठ्याऐवजी त्याच मापाच्या खोक्यात कपडे रचायचे. खोकं पुठ्ठ्याच्याच जागी ठेवलेलं, आणि डझनामागे दोन मिनिटं वाढवूनही दिलेली. व्यवस्थापनानं सगळ्यांना बोलावलं, बाजारातल्या स्पर्धेमुळे बदल करावा लागतोय असं सांगितलं, नवा दर जाहीर केला, शंकांना उत्तरं दिली आणि सभा संपवली.

एवढ्याशा बदलानं काय बिघडणार? पण बिघडलं. तासाला सुमारे ६० नग होत होते, ते ५०च्या आसपास येऊन तिथेच अडकले. वरिष्ठांशी खटके उडू लागले. ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच कारखान्यात दुसऱ्या काही गटांच्या बाबतीत सुरुवातच वेगळी केली होती. त्यांच्यापुढे हुबेहूब सारखे दिसणारे दोन कपडे ठेवले आणि यातला स्वस्तात विकला गेलेला कोणता, असं विचारलं. कोणालाच ओळखता येईना. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती! खर्च कमी करायला हवा, हे मग वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. कामातलं काय गाळता येईल, नवी पद्धत कशी बसवायची, हे कामगारांच्या बरोबर बसून ठरलं. ज्या दोन छोट्या गटांमध्ये प्रत्येकालाच यात सामील करून घेतलं, तिथे सूचना इतक्या भराभर आल्या की त्या टिपून घेणाऱ्याची तारांबळ उडाली. हे गट काही दिवसांतच पूर्वीच्या वेगावर आले, पुढे त्याच्याही सुमारे १४ टक्के वर गेले. एकानंही नोकरी सोडली नाही.

आता कोणी म्हणेल, इस्त्रीवाले मुळातच कटकटे असतील. पण अडीच महिन्यांनी त्यांच्यातल्या उरलेल्या १३ जणांना दुसऱ्या कामावर नेलं, आणि या वेळी सगळ्यांना विचारात घेऊन. तेही झपाट्यानं सावरले. माणसं तीच होती. मला या प्रयोगातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गट छोटे होते, कामंही सारखी नव्हती, त्यामुळे या एकाच प्रयोगावर सगळा भार टाकू नये. तरी एक गोष्ट लपत नाही: कारण सांगणं आणि शंकांना उत्तरं देणं पहिल्या गटाच्याही वाट्याला आलं होतं. त्यांना फक्त निर्णय झाल्यावर बोलावलं होतं.

आपल्या कामावर आपला काही ताबा असणं ही नुसती मानपानाची बाब नाही, ती शरीरापर्यंत पोचते. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की, कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी सर्वांत जास्त ताण देते. लंडनमधल्या दहा हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, म्हणजे १९८५ पासून चाललेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, कामावर कमी ताबा असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. ही केवळ नाराज लोकांची तक्रार असेल, अशी शंका येते. पण हा ताबा किती, याचं मोजमाप कर्मचाऱ्यांऐवजी त्यांच्या खात्यांकडून करून घेतलं, तेव्हाही संबंध टिकून राहिला.

मग वरिष्ठांचं काम काय? ऐकून घेण्याजोगं वातावरण ठेवणं, हे मोठंच काम आहे. संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या चाललेल्या पथकांत चुका कमी असतील, असा त्यांचा कयास. आकडे उलटे आले. चांगल्या पथकांच्या नावावर चुका जास्त होत्या, कारण तिथल्या परिचारिका त्या न घाबरता सांगत होत्या. इतर ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. ‘आमच्याकडे काहीच तक्रार नाही’ असं कोणी अभिमानानं सांगितलं की मला म्हणून काळजीच वाटते.

सहभागाचा देखावा मात्र चालत नाही. नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात हार्वुडसारखाच प्रयोग केला, त्याचा अहवाल १९६० साली आला. उत्पादनात फरक पडला नाही. कामगारांना ज्यात बोलू दिलं, त्या बाबींचा उत्पादनाशी फारसा संबंधच नव्हता. भिंतीचा रंग विचारायचा आणि पाळ्यांचं वेळापत्रक वरून लादायचं, हे माणसांना पहिल्याच दिवशी कळतं.

काही निर्णय खरोखरच हातात नसतात, उदाहरणार्थ पगारकपात. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा २००६चा अभ्यास अशाच प्रसंगावरचा आहे. पगार कमी झालेल्या परिचारिकांची झोप उडाली होती. अशा एका रुग्णालयात त्यांच्या वरिष्ठांना नीट वागण्याचं प्रशिक्षण दिलं: आदरानं बोलायचं, माहिती दडवायची नाही, माणसाला आधार द्यायचा. पगार कमीच राहिला. पण या वरिष्ठांच्या हाताखालच्या परिचारिकांचा निद्रानाश घटला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही तो फरक कायम होता.