सेंट्रल लाइनच्या तोंडावरची टोपी

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डमध्ये वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि ती हृदयाशी पोचली का ते पाहायला नळीसकट एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला. त्या वेळी त्याच्या वाट्याला बोलणीच आली. नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये. तोवर, १९५३ साली, सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने तारेवरून नळी आत घालायची पद्धत दाखवली होती. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस डड्रिक या अमेरिकी सर्जनने शिरेतून संपूर्ण पोषण देता येतं हे सिद्ध केलं. तासाभरासाठी घातली जाणारी नळी आता आठवडेच्या आठवडे आत राहू लागली. हीच सेंट्रल लाइन: मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचणारी नळी.

आणि जितके दिवस लाइन, तितके दिवस जंतूंना वाट. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष नळी जिथून आत शिरते त्या त्वचेकडे होतं. ते चूक नव्हतं. पण ऐंशीच्या दशकात स्पेनमधल्या काही डॉक्टरांनी दाखवलं, की बरेच जंतू बाहेरच्या टोकातून, म्हणजे हबमधून, आतल्या आत उतरतात. लाइन जितकी जुनी, तितका हा रस्ता महत्त्वाचा.

एड्सच्या साथीमुळे दुसरीच काळजी पुढे आली: परिचारिकांना चुकून सुया टोचल्या जाण्याची. त्यावर उपाय म्हणून सुईविना जोडता येणारे कनेक्टर आले, आणि अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने सुरक्षित साधनं वापरणं बंधनकारकच झालं. कर्मचाऱ्यांचे हात वाचले. मात्र आता सिरिंजचं टोक ज्या पडद्यावर टेकतं, तो पडदा दिवसरात्र उघडाच. चादरीला, अंगाला, हातांना लागणारा. तो पुसायचं राहिलं, की वर बसलेले जंतू औषधाबरोबर थेट रक्तात.

म्हणून नियम आला: दर वेळी स्पिरिटच्या स्वॅबने हब घासा. किती वेळ? कुठे ५ सेकंद, कुठे १५. नियम सोपा, पण रात्री तीन वाजता दोन पंप एकदम बोंबलत असताना, एका हातात भरलेली सिरिंज धरून मनात पंधरापर्यंत मोजून पाहा. नर्सला दोष देणं सोपं असतं. गंमत म्हणजे २००६ साली गाजलेल्या, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अभ्यासात संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली, तरी त्यातल्या पाच गोष्टींत हब घासण्याचा उल्लेखच नव्हता. हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, मांडीची शीर टाळणं. बहुतेक भर लाइन घालण्यावरच.

त्याच वर्षी मेन्हे आणि माकी या संशोधकांनी प्रयोगशाळेत कनेक्टरवर मुद्दाम भरपूर जंतू माखले. अल्कोहोलने पुसूनही ३० पैकी २० कनेक्टरमधून जंतू आत गेले. जंतुनाशक टोपी बसवलेल्या ६० पैकी फक्त एकातून. त्यांची टोपी क्लोरहेक्सिडिनची होती. बाजारात रुळल्या त्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या. (शुद्ध अल्कोहोल का नाही? प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं.) आत भिजलेला स्पंज, कडेला आटे, पट्टीवरून सोडवायची, हबवर फिरवून बसवायची. पुसायचं काम हाताकडून वेळेकडे गेलं. एकदा काढलेली टोपी परत लावायची नाही, नवी घ्यायची.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राइट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात टोपीच्या काळात संसर्गाचं प्रमाण दर हजार लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन, म्हणजे एक लाइन-दिवस) १.४३ वरून ०.६९ वर आलं. पण असे बरेच अभ्यास ‘आधी आणि नंतर’ पद्धतीचे आहेत. टोप्या आल्या त्याच सुमारास वॉर्डातलं लक्षही वाढलेलं असतं. श्रेय नेमकं कुणाचं, ते वेगळं काढणं अवघड. म्हणूनच असेल, २०१४ च्या अमेरिकी शिफारशींत टोपी मूलभूत उपायांत नव्हे, तर ‘मूलभूत उपाय करूनही संसर्ग थांबेना तर’ या यादीत होती. २०२२ च्या सुधारित शिफारशींतही ती जादा उपायांतच राहिली. लहान मुलांच्या वॉर्डात आणखी एक पथ्य असतं: काढलेली टोपी बिछान्यावर ठेवायची नाही, कारण ती सहज तोंडात जाते.