संपूर्ण गोष्ट (ब्रिटिशकालीन मराठी मासिकांतील कथा)

मासिकाच्या एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी कथा म्हणजे संपूर्ण गोष्ट. ‘लघुकथा’ हा शब्द रुळण्याआधी मराठी वाचक कथेला याच नावाने ओळखत. हे नाव म्हणजे वाचकाला दिलेली हमी होती. बहुतेक मासिकांत कादंबरी क्रमशः चाले आणि ‘पुढे चालू’ असे छापलेले पान वाचकाचा जीव टांगणीला लावी. पुढचा अंक टपालात गहाळ झाला किंवा शेजारी वाचायला गेला तो परतलाच नाही, की गोष्ट कायमची अर्धवट राहायची. संपूर्ण गोष्टीत ती धास्ती नव्हती. दुपारी जेवणे आटोपल्यावर घरातल्या एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी आणि चहाच्या वेळेपर्यंत ती संपावी, असा तिचा बेताचा जीव होता.

नियतकालिकांत गोष्टी संपूर्ण गोष्टीच्या आधीही येत. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ १८५० साली सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी १८६१ पासून लोक आवडीने वाचत होते. पण त्यांतली माणसे बगदादची किंवा बोधकथेतली. वाचकाच्या आळीतले माणूस कथेत आले ते हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून. ते १८९० साली पुण्यात निघाले. आपटे आपल्या कथांना ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. त्या ऐसपैस असत. मधेच लेखक वाचकाशी बोलायला लागे, आणि काही गोष्टी तर कादंबरीतून कापून काढलेल्या प्रकरणासारख्या वाटत. तरीही दुष्काळात होरपळलेल्या कुटुंबावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा आज वाचली तरी पोटात कालवते. विस्कळीतपणाचा दोष दाखवून आपट्यांच्या गोष्टी बाजूला सारणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कथेला बांधीव आकार दिला तो ‘मनोरंजन’ने. काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी हे मासिक १८९५ साली मुंबईत सुरू केले. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवून घेत. त्यांच्या मासिकात वि. सी. गुर्जरांची संपूर्ण गोष्ट बहरली. प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या बंगाली कथा गुर्जरांनी अशा बेमालूमपणे मराठीत आणल्या की वाचकांना त्या इथल्याच वाटल्या. या गोष्टीची बांधणी ठरलेली असे. आरंभीच एक गैरसमज: चुकीच्या हाती पडलेले पत्र, नाव लपवून राहिलेला तरुण किंवा न पाहताच नाकारलेली मुलगी. मध्यात गुंता वाढतो, निरगाठ बसते आणि शेवटच्या पानावर ती एका झटक्यात सुटते. शेवट बहुधा लग्नाने किंवा नवराबायकोच्या समेटाने. गोष्ट फसे तीही इथेच. उकलीसाठी लागणारा धागा लेखकाने आधी पेरलेला नसला, की ऐनवेळी परगावचा मामा येऊन सगळा उलगडा करी. मग सारा प्रकार योगायोगावर उभा आहे हे श्रोत्यांतल्या लहान मुलालाही कळे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि गोष्टींना वर्षातला हक्काचा मोठा बाजार मिळाला.

गोष्टीची लांबी लेखकाच्या बरोबरीने छापखानाही ठरवी. एका फर्म्यात, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या मोठ्या कागदात, साधारण १६ पाने बसत. मजकूर दीड पानाने वाढला तर त्यासाठी नवा फर्मा चढवणे परवडत नसे, म्हणून संपादक गोष्टीच्या सुरुवातीचे निसर्गवर्णन छाटून टाकी. दीड पान कमी पडले तर सुभाषित, चुटका किंवा एखादी कविता तिथे बसे. जुन्या अंकात करुण कथेच्या खालीच विनोदी चुटका दिसतो तो यामुळे. जुळणीही सोपी नव्हती. मुंबईकडच्या डिग्री टाइपात अक्षराचा खिळा (धातूचे सुटे अक्षर) मधल्या ओळीत, वेलांट्या-मात्रा-रफार यांचे बारीक खिळे वर आणि उकार खाली, अशा तीन थरांत एक ओळ उभी राही. जोडाक्षरांसह खिळ्यांचे प्रकार इंग्रजीच्या कित्येक पट, म्हणून खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, म्हणजे केसही, तेवढ्याच मोठ्या. वरच्या थरातला एक खिळा सरकला की त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या मात्रा एकेक अक्षर सरकत आणि ‘केला’चा ‘कलो’ होई. खिळ्यांचा साठा मर्यादित असल्याने एक फर्मा छापून, खिळे सोडवून परत केसमध्ये टाकल्याशिवाय पुढचा जुळवता येत नसे. म्हणून महिनाअखेरीस आलेली चांगली गोष्टही पुढच्या अंकावर ढकलली जाई.

पैशाचे गणित वर्गणीवर चाले. टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी.ची (व्हॅल्यू पेएबल, म्हणजे पैसे घेऊनच टपाल हाती देण्याची) सोय सुरू केली होती. नव्या वर्षाचा अंक व्ही. पी.ने पाठवायचा, पोस्टमनने दारात वर्गणी वसूल करायची आणि ती संपादकाकडे पोचायची, अशी ही व्यवस्था. व्ही. पी. परत आली की टपालहशील बुडे, आणि हाताळून मळलेला अंकही माघारी येई. म्हणून ‘नको असल्यास आधी कार्डाने कळवावे’ अशी विनवणी अंकात छापली जाई. वर्गणीदार टिकवण्याचा हुकमी उपाय म्हणजे गोष्ट. निबंध न वाचणाऱ्या घरात गोष्टीसाठी मासिक चालू राही.

सरकारी कायद्याची छायाही या कथेवर होती. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छापण्याचे ठिकाण सक्तीचे झाले. १९१० च्या प्रेस ॲक्टाने नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. जप्तीचा धोका छापखान्याच्या मालकालाच असल्याने हस्तलिखिताकडे त्याचीही नजर असे. कथेत वरिष्ठ गोरा साहेब फारसा का येत नाही आणि देशाभिमान शिवकालाच्या आडून का बोलतो, याचे एक कारण हे.

१९२२ साली ‘मनोरंजन’मध्ये दिवाकर कृष्ण यांची ‘अंगणातला पोपट’ आली आणि कथा घटनेकडून मनाकडे वळली. हे वळण गुर्जरांच्या यशापेक्षा मोठे मानले पाहिजे. पुढे ‘रत्नाकर’ (१९२६), कथेला वाहिलेले ‘यशवंत’ (१९२८) आणि किर्लोस्करवाडीचे ‘किर्लोस्कर’ यांनी कथाकारांची फळी उभी केली. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाने कारखान्याचे पत्रक म्हणून निघालेले हे मासिक शंकरराव किर्लोस्करांनी घरोघरी पोचवले, आणि १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ काढले. ना. सी. फडक्यांनी सफाईदार तंत्र आणले, तर वि. स. खांडेकरांनी ध्येयवाद आणि रूपककथा. काशीबाई कानिटकर व आनंदीबाई शिर्के यांच्या कथांनी स्वयंपाकघराच्या आतली बाजू दाखवली. तिथे पुरुष लेखकांचा अंदाज नेहमी चुके. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले, अंक रोडावले आणि लांब गोष्टींची जागा गेली.

जुन्या अंकांवर काम करणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लेखकाच्या जागी ‘एक पदवीधर’ किंवा ‘सौ.’ एवढेच असेल तर त्या वर्षाची वार्षिक अनुक्रमणिका पाहावी, कधी कधी तिथे नाव उघड झालेले असते. मूळ कथेचा उल्लेख सर्रास गाळलेला असतो. नायक मुंबईचा, पण सुट्टीत गावी जाताना दोन दिवस नदीतून नावेने प्रवास करतो, असे दिसले की मूळ बंगाली कथेचा शोध घ्यावा. वाचनालये वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकत, त्यामुळे महिना ठरवणे अवघड जाते. अशा वेळी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी असलेला बारीक आकडा पाहावा. तो चारवरून एकदम सहावर गेला असेल तर मधली १६ पाने बांधणीत गेली आहेत. गोष्टीचा शेवट दुसऱ्या वाचनालयातल्या प्रतीत शोधावा लागेल.